दर रविवारी बारा पानं

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या रात्री आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप गटावर पेढे, फेटे, तुताऱ्या सगळं येऊन गेलं आणि मग मडगावच्या मैत्रिणीनं एक ओळ टाकली : "त्या अभिजातातलं आपल्यापैकी कोणी काय वाचलंय गो?"

गट गप्प. इंजिनिअरनं नऊ पुस्तकांची नावं टाकली. बाकीच्यांनी त्यावर अंगठे टाकले.

त्या एका ओळीतून जो वाचनगट निघाला तो तीन महिन्यांत बसला. मग वेगळ्या तऱ्हेनं उठला आणि अजून चालू आहे. बसला का आणि उठला कसा, ते इथे मांडते. प्रकरण आमचंच आहे, त्यामुळे तटस्थपणाचा आव आणत नाही. शिवाय तो बसवण्यात सगळ्यात मोठा हात माझा होता.

आम्ही आठ जण, सगळे पन्नाशी ओलांडलेले. जमायचं ठाण्यात नौपाड्याला, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या मैत्रिणीच्या घरी, कारण तिच्याकडे हॉल मोठा आणि सासरचं कोणी नाही. एक डॉक्टरीण, बाळंतपणं करणारी. एक गणिताचे मास्तर. एक इंजिनिअर, ज्यानं खरोखरच सगळं वाचलेलं आहे आणि तीच त्याची अडचण. स्टेशनजवळ स्टेशनरीचं दुकान चालवणारे नवरा-बायको. कॉलेजात तो आमच्या वर्गात होता, ती लग्नानंतर गटात आली. मडगावकरीण फोनच्या पडद्यावरून, फोन फुलदाणीला टेकवलेला. आणि मी. माझं काम मुद्रितशोधनाचं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारी बाई.

पहिले तीन महिने

यादी मी केली. बारा महिने, बारा पुस्तकं. नोव्हेंबरात 'लीळाचरित्र' (निवडक), डिसेंबरात 'स्मृतिचित्रे', जानेवारीत हरि नारायण आपट्यांचं 'पण लक्षात कोण घेतो', आणि पुढे असंच. प्रत्येकानं पुस्तक घरी वाचून यायचं, महिन्याच्या शेवटच्या रविवारी चर्चा. कागदावर झकास दिसत होतं. मी तर एक्सेलचा तक्ता करून पाठवला होता. आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

नोव्हेंबरात आठांपैकी तिघांनी पुस्तक वाचलेलं होतं. डिसेंबरात दोघांनी पुरं आणि दोघांनी 'बरंचसं'. जानेवारीत पुरं वाचून आलेला एकटा इंजिनिअर. मी स्वतः निम्म्यावर होते आणि ते कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या जानेवारीच्या रविवारी इंजिनिअर चाळीस मिनिटं बोलला. वास्तववाद, इंग्रजी कादंबरी, हरिभाऊंचं मराठीतलं स्थान. चूक काही नव्हतं त्यात. शेवट मात्र त्यानं बोलता बोलता सांगून टाकला, जणू तो पेपरात येऊन गेलाय. दुकानदारीण तीन वेळा उठून स्वयंपाकघरात गेली. तिसऱ्यांदा मी मागून गेले, तर ओट्यापाशी नुसती उभी. म्हणाली, "मला काही कळत नाही गं त्यातलं. तुम्ही बोला, मी चहा टाकते." गॅसवर चहा आधीच उकळत होता.

फेब्रुवारीची तारीख ठरवायला मी गटावर विचारलं, तेव्हा पाच जणांना लग्नं होती.

त्या वेळी माझं निदान सरळ होतं : लोकांना वाचायला नको, नुसतं 'वाचतो' म्हणवून घ्यायला हवं. हे निदान चुकीचं होतं. दुकान रात्री नऊला बंद होतं, मग हिशेब, मग जेवण. डॉक्टरणीला रात्री अडीचला फोन येतो. 'वाचून या' म्हटलं की तो गृहपाठ झाला, आणि गृहपाठ न केलेला माणूस वर्गात कसा बसतो हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे : मागच्या बाकावर, खाली मान घालून, नाहीतर विषय बदलत. आमच्याकडे विषय बटाटेवड्यांवर जायचा. वडे चांगले असायचे, हेही खरं.

पोथी

वाट दाखवली ती पुन्हा मडगावनं. गट गुंडाळायचा म्हणून फोन केला तर ती म्हणाली, "हें 'करमणुकी'त हप्त्यांनी आलेलं ना? मग आपण तें एका महिन्यात कित्याक गिळायचं?"

हे मला माहीत होतं. मी प्रस्तावनेत वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि त्याचा अर्थ कधी लक्षात घेतला नव्हता. 'करमणूक' हे हरिभाऊंनी १८९० साली काढलेलं साप्ताहिक. 'पण लक्षात कोण घेतो' त्यात तुकड्यातुकड्यानं छापली गेली आणि १८९३ मध्ये पुस्तक झालं. म्हणजे पहिल्या वाचकांनी ती महिनाभरात नाही, वर्षं काढून वाचली. आणि 'वाचली' म्हणताना तरी कोणी वाचली? वाचता येणाऱ्या बायका तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. घरातलं एक कोणी अंक मोठ्यानं वाचणार आणि बाकीची मंडळी कामं करता करता ऐकणार, हे चित्र त्या काळच्या घराला जास्त शोभतं.

हे मी गटावर लिहिलं तर दुकानदारणीचा फोन आला. आपण होऊन तिनं केलेला तो पहिला फोन. "म्हणजे पोथी लावायची, असंच ना?"

असंच. हे इतकं जवळ होतं की दिसलंच नव्हतं. श्रावणात, चातुर्मासात आपल्याकडे पोथी लागते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, अध्याय संपला की थांबायचं, उरलेलं उद्या. कोणी 'वाचून' येत नाही. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि तरी लोक येतात. दुकानदारीण सासूबाईंना डोळ्यांनी दिसेनासं झाल्यापासून वीस वर्षं त्यांना 'शिवलीलामृता'चा अकरावा अध्याय वाचून दाखवत होती, आणि पावसाळ्यात 'हरिविजय'. आमच्यात मोठ्यानं वाचायची सवय असलेली ती एकटीच होती, आणि तिलाच आम्ही ओट्यापाशी पाठवली होती.

फेब्रुवारी २०२५ पासून दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता, बारा पानं. वाचणारा दर आठवड्याला वेगळा. पुढचं वाचून यायचं नाही. बारा पानं होईपर्यंत मत द्यायचं नाही. शब्द अडला तर 'थांब' म्हणायचं. हरिभाऊ १९१९ साली गेले, त्यामुळे स्वामित्वहक्काचा प्रश्न नाही. तिघांकडे पुस्तक होतं, बाकीच्यांनी पानांच्या झेरॉक्स घेतल्या, तेही त्याच स्टेशनरीच्या दुकानात, फुकट.

इंजिनिअर आला नाही. "मी वाचलेलं पुस्तक मला कोणी वाचून का दाखवावं?" त्याच्या बाजूनं बरोबरच होतं.

कानावर पडल्यावर

पहिल्या रविवारी दुकानदारणीनं वाचलं. यमू, म्हणजे कादंबरीची नायिका, स्वतःची हकीकत स्वतः सांगते. लहानपण, कडक बाबा, सोसणारी आई, जीव की प्राण असलेला दादा. मी ही पानं जानेवारीत डोळ्यांनी वाचली होती आणि 'पाल्हाळ' असा शेरा समासात पेन्सिलीनं मारला होता. आता तीच पानं एका बाईच्या आवाजात आली. दुकानदारीण पोथीच्या सवयीनं वाक्याच्या शेवटाला किंचित थांबते, पुढच्या वाक्याला श्वास घेते, मधेच ऐकणाऱ्यांकडे बघते. यमू बोलायला लागली. ती लिहीत नाही, माजघरात बसून सांगते आहे. "आता मागे सांगितलंच आहे" छापाची जी वळणं मला फापटपसारा वाटली होती, ती मागचा अंक हुकलेल्या वाचकासाठीची सोय असावीत, असं आमच्या ध्यानात आलं. कारण तिसऱ्या रविवारी मास्तर मागचा हप्ता चुकवून आले आणि त्यांना काहीही सांगावं लागलं नाही.

हे लिहिताना हरिभाऊंचं वय सव्वीस होतं. सव्वीस वर्षांचा पुरुष, आणि बोलते आहे ती नऊवारीतली बाई. डॉक्टरीण म्हणाली, "माझा मुलगा सव्वीसचा आहे. त्याला माझं वय सांगता येत नाही."

इथे एक कबुली द्यायला हवी. हरिभाऊ खरोखरच पाल्हाळ लावतात. उपदेश करताना तर कोणीतरी हात धरावा असं वाटतं. मोठ्यानं वाचताना गाळता येत नाही, त्यामुळे दोन-तीन रविवार जांभया देत गेले. दुकानदार एकदा चक्क घोरला.

आमच्याकडच्या एका प्रतीचं शुद्धलेखन जुनं होतं : 'घरांत', 'मुलें', 'वाचलें', 'तिनें'. १९६२ च्या नियमांनी हे अनुस्वार गेले. मी पोटापाण्यासाठी असले अनुस्वार उडवणारी, त्यामुळे वाचताना ते मला दिसतसुद्धा नव्हते. मास्तर मात्र सरळ माणूस. त्यांना वाटलं, टिंब आहे तर म्हणायला हवं. 'घरान्त', 'हातान्त' असं ते वाचायला लागले आणि आम्ही हसून बेजार. पुढच्या पाळीला मडगावकरणीनं वाचलं, तेव्हा हसू थांबलं. तिच्या तोंडून 'घरांत'मधला तो रा सहज नाकातून गेला, 'मुलें'मधला लें तसाच. ना जोर, ना नाटक. कोंकणीत हे उच्चार अजून जिवंत आहेत. ती घरी 'तें', 'घरांत' असंच बोलते. आम्ही ज्याला व्याकरणातलं मेलेलं टिंब समजत होतो तो तिचा रोजचा श्वास. मला माझ्या धंद्याची जराशी लाज वाटली. जरा म्हणजे जराच. नियम पाळले नाहीत तर बिल निघत नाही.

पुस्तकात यमूचे सुखाचे दिवस मुंबईतले. नवरा रघुनाथराव शिकलेला, बायकोला माणूस मानणारा. शेजारी त्याच्यासारखेच सुधारकी मताचे मित्र आणि त्यांच्या बायका, संध्याकाळी वाचन, गप्पा, वादविवाद. हा भाग आला तेव्हा बँकवाली ओरडलीच, "अगं, हे आपणच!" दोन-तीन रविवार आम्ही सगळे हसतखेळत ऐकत होतो आणि डॉक्टरीण चष्मा काढून पुसत होती. दुसऱ्यांदा पुसला तेव्हा दुकानदारणीनं तिला धरलं. "तू पुढचं वाचलंस."

"अगं, रात्रपाळी होती, पेशंटला कळा लागायला वेळ होता..."

"तू पुढचं वाचलंस!" सुरुवातीचे तीन महिने आमच्यापुढे तोंड न उघडणारी ही बाई खरीखुरी चिडली होती. दंड म्हणून पुढचे चार रविवार खाणं डॉक्टरणीकडून आलं, आणि ते बाहेरचं असल्यामुळे आम्हा सगळ्यांनाच दंड झाला.

पण डॉक्टरणीनं चष्मा नुसता रडायला काढला नव्हता. त्या दिवशी ती जे म्हणाली ते माझ्या वहीत आहे : "हिचं सगळं सुख नवऱ्याच्या श्वासावर आहे. तो शिकवतो म्हणून ही शिकते, तो आणतो म्हणून पुस्तक येतं. तो भला आहे हे हिचं नशीब. नशीब म्हणजे सुधारणा नाही." इंजिनिअरच्या चाळीस मिनिटांत हे नव्हतं. मग तिनं संमतिवयाच्या कायद्याचं काढलं. १८९१ मध्ये तो झाला, ही कादंबरी चालू असताना. मुलीचं संमतीचं वय दहावरून बारावर नेलं आणि त्यावर केवढं रण माजलं. "दहावरून बारा," ती बोटं दाखवत म्हणाली. "गेल्या महिन्यात माझ्याकडे सोळाची आली होती. हिरव्या बांगड्या, पाचवा महिना. आधारवरची तारीख आईनं अंगठ्यानं झाकून धरलेली."

शंकरमामंजी

जुलैत इंजिनिअर परत आला. कारण त्यानं सांगितलं नाही. आमच्या गटावरचे विनोद त्याला कळेनासे झाले होते, असं त्याची बायको म्हणाली. आता करायचं काय त्याचं? दुकानदारणीनं सुचवलं, "ह्याचा आवाज भारी आहे. शंकरमामंजी ह्याला द्या."

शंकरमामंजी म्हणजे यमूच्या सासरकडचं ते वरून सोवळं आणि आतून किडलेलं माणूस. इंजिनिअरनं त्याचे संवाद असे म्हटले की पहिल्या दिवशी टाळ्या पडल्या. तिसऱ्या रविवारी टाळ्या पडल्या नाहीत. बँकवाली त्याच्याकडे बघेना. तो स्वतः वाचता वाचता एके ठिकाणी अडला, पाणी प्यायला, म्हणाला, "हा बोलतो ते काकांसारखं आहे. आमच्या काकांसारखं." कुठले काका, काय बोलायचे, ते त्यानं सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून त्यानं पुढचं सांगणं बंद केलं, हे खरं. मला अजून वाटतं की तो खलनायक कादंबरीत फारच काळा रंगवलाय. इंजिनिअर यावर माझ्याशी सहमत नाही. पूर्वी असता.

धोकटी

रघुनाथराव गेले तो रविवार सोडून देते. सगळ्यांना माहीत होतं, तरी.

मला लिहायचंय ते त्यानंतरच्या केशवपनाच्या हप्त्याबद्दल. वाचायची पाळी बँकवालीची होती. तिनं यमूवर झालेली जबरदस्ती वाचली, संथ, एकसुरात, जशी ती पूर्वी काउंटरवरून रक्कम वाचून दाखवायची. बारा पानं व्हायच्या आधीच पुस्तक मिटलं.

"आमच्याकडे आत्याआजी होती," ती म्हणाली. "साताऱ्याला. विधवेचं लाल आलवण नेसायची. डोक्यावरचा पदर कधी ढळू द्यायची नाही. मी सात वर्षांची असेन. दुपारी ती झोपली होती, पदर सरकला होता. मी हात लावून बघितला. खरखरीत लागलं, बाबांच्या गालासारखं. ती जागी झाली. ओरडली नाही. माझा हात धरून पदराखाली तसाच ठेवला थोडा वेळ."

कोणी काही बोललं नाही. मडगावच्या पडद्यावर नुसता पंखा फिरताना दिसत होता. तिनं फोन वर वळवला होता.

मग मास्तर म्हणाले, "ते करायला यायचा, त्याच्याबद्दल पुस्तकात काही येतं का गं पुढे?"

"कोण यायचा?"

"न्हावी."

मास्तर नाभिक आहेत. आम्हाला चाळीस वर्षं माहीत होतं आणि ते आमच्या बोलण्यात एकदाही आलं नव्हतं. त्यांच्या आजोबांचं लालबागेत सलून होतं. पणजोबा वाईला, घरोघर जाऊन काम करणारे. पुढच्या रविवारी मास्तर कापडी पिशवीतून पणजोबांची धोकटी घेऊन आले : चामडं वाळून लाकडासारखं झालेलं, आत हस्तिदंती मुठीचा वस्तरा, नखं काढायची नराणी, धार लावायचा पट्टा, पितळेची वाटी. बँकवालीनं वाटी हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली.

घरात चालत आलेली गोष्ट मास्तरांनी सांगितली ती एवढीच. तसलं काम करून आले की पणजोबा ओट्यावर बसून राहायचे, आणि त्या कामाचे पैसे पणजी देवापुढे ठेवू द्यायची नाही. तेल-मिठाला वापरायची. "नाही म्हणायची सोय नव्हती," मास्तर म्हणाले. "बलुतं होतं. वर्षाचं धान्य त्या घरांतून यायचं."

आणि मग त्यांनी वही उघडली, गणिताचीच, चौकटीची. त्यात त्यांनी आठवडाभर ग्रंथालयात बसून टिपलेलं होतं. १८९० च्या मार्चमध्ये मुंबईत न्हाव्यांची सभा भरली. विधवांचं केशवपन करायचं नाही असं त्यांनी ठरवलं. पुढाकार होता नारायण मेघाजी लोखंड्यांचा. जोतीरावांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक, गिरणी कामगारांची संघटना उभारणारे. "हरिभाऊंची यमू त्याच सालच्या साप्ताहिकातली," मास्तर म्हणाले. "ह्या लोकांनी वस्तरा खाली ठेवला तोसुद्धा त्याच साली. पुस्तकात वस्तरा आहे. तो खाली ठेवणारे नाहीत."

इंजिनिअर म्हणाला, कादंबरी माजघरातून सांगितलेली आहे, यमूला हे कुठून कळणार? बाजू घ्यायची म्हणून नाही. खरोखरच विचार करून म्हणाला. मास्तर म्हणाले, "यमूला नसेल कळलं. हरिभाऊ पेपर काढत होते."

यावर आम्ही दोन रविवार भांडलो. पुस्तक एकाच जातीचं दुःख सांगतं म्हणून ते लहान होतं का? डॉक्टरीण म्हणाली, जे पाहिलं ते लिहिलं, न पाहिलेलं लिहिलं असतं तर खोटं झालं असतं. दुकानदार म्हणाला, मग त्याला 'मराठी समाजाचं चित्र' म्हणू नका, पुण्याच्या सदाशिव-नारायण पेठांतलं म्हणा. मी मधे पडून दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर आहे असं काहीतरी गुळमुळीत बोलले आणि दोघांनीही मला गप्प केलं. बरं केलं.

बँकवाली त्या भांडणात नव्हती. ती एकदाच मास्तरांना म्हणाली, "वाई आणि सातारा जवळच की."

"जवळच," मास्तर म्हणाले. "पण गावागावाचा वेगळा असायचा."

"हो, असणारच."

मला तो क्षण नीट सांगता येत नाही. दोघांनाही दुसऱ्याला सोडवायचं होतं, एवढं दिसलं. त्यानंतर आठवडाभर बँकवालीचा गटावर शब्द नाही. मला वाटलं, घर गेलं, गट गेला. रविवारी पावणेपाचला मी पोचले, तर मास्तर आधीच येऊन बसलेले, आणि ती त्यांना आत्याआजीचा फोटो दाखवत होती. फोटोत पदर कपाळापर्यंत ओढलेला.

जाता जाता मास्तरांच्या वहीतलं आणखी एक : गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती लोखंड्यांच्याच लढ्यामुळे, १० जून १८९० पासून. म्हणजे वर्षच तेच. आम्ही रविवारी का जमतो याचं उत्तर मी 'सगळ्यांना सोयीचं म्हणून' असं देत असे.

नंतर

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी कादंबरी संपली. साडेआठ-नऊ महिने लागले. मधे गणपती, एक मोतीबिंदू आणि दुकानदाराच्या मुलीचं लग्न झालं; त्या लग्नात मुलगी पदवीधर की उच्चपदवीधर यावरून व्याह्यांशी जे झालं त्याला गटात 'शंकरमामंजी प्रकरण' असं नाव आहे.

सुरुवातीला मला खटकायचं की आम्ही साहित्यावर बोलतच नाही. बारा पानं झाली की कोणाची आजी निघते, कोणाचे काका, पुराणातली वांगी पुराणात राहातच नाहीत. एकदा मी मोजलं : दीड तासात पुस्तकावर अकरा मिनिटं. मी रीतीप्रमाणे नापसंती दाखवली. दुकानदारीण म्हणाली, "पोथीनंतर बायका काय बोलतात असं वाटतं तुला? शंकराबद्दल?"

पोथीची पद्धत सगळ्या पुस्तकांना लावायची हौस मात्र आम्ही डिसेंबरात फेडून घेतली. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' घेतलं, १९३९ चं. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर देशोधडीला लागलेले ज्यू, आणि चक्रधर विध्वंस नावाचा एक मराठी तरुण, ज्याच्यात एक जर्मन ज्यू मुलगी, हॅर्टा, गुंतत जाते. पुस्तक लहानसं, धारदार. आम्ही मोठ्यानं वाचायला बसलो आणि चौथ्या पानावर दुकानदारणीनंच हात वर केला. "हे असं नाही वाचायचं. हा माणूस कोणाला सांगत नाहीये. स्वतःशी बोलतोय." तिनं पुन्हा एकदा वाचून बघितलं, थांबली, पुस्तक खाली ठेवलं.

तेव्हा शेवटी असं केलं की प्रतींची जमवाजमव करून आम्ही पुढच्या रविवारी दुपारी दोनला बसलो आणि सगळ्यांनी आपापलं, मनात, एकाच खोलीत वाचलं. मडगावकरीण फुलदाणीला टेकून, तिचं पान उलटल्याचा आवाज स्पीकरवर. तीन-साडेतीन तास. डॉक्टरणीचा फोन दोनदा थरथरला, तिनं तो गादीखाली घातला. इंजिनिअरचं हे चौथं वाचन. तो सगळ्यांत हळू वाचत होता. साडेपाचला कधीतरी पहिलं पुस्तक मिटल्याचा आवाज आला, दुकानदारणीचं. ती कोणाकडे न बघता उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागून गेले. ह्या वेळी गॅसवर काही नव्हतं.

"शेवट कोणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "मास्तरांची अजून दहा पानं राहिलीत."